होकारकाकांना लावलेला फोन

सकाळी सात वाजता ती कामावर पोचली तेव्हा भिंतीवरच्या फळ्यावर दिवसभराची एकवीस उड्डाणं लिहिलेली होती आणि त्यातल्या पाचांपुढची कॅप्टनची चौकट कोरी होती. कॅप्टन कुठे गेले हे काही गुपित नव्हतं. दोन महिन्यांत सात जण राजीनामे देऊन दुसऱ्या कंपनीत गेले होते, तिघे तापाने फणफणले होते, आणि नवे घेऊ घेऊ म्हणत वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी वर्ष काढलं होतं. आता फळ्याकडे बघून तीच मंडळी तोंडात बोट घालून एकमेकांना विचारत होती की असं झालंच कसं.

ती रोस्टर विभागात होती. कोणता वैमानिक कधी कुठलं विमान नेणार ते लावायचं, आणि ऐनवेळी कुणी गळालं तर सुट्टीवरच्या दुसऱ्याला फोन करून गोडीगुलाबीने बोलवायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. वैमानिक तिला ताई म्हणत आणि सुट्टीच्या दिवशी तिचा नंबर दिसला की निम्मे जण फोन उचलत नसत. तिला त्याचा राग यायचा नाही. त्यांच्या जागी असती तर तिनेही उचलला नसता.

या कामाला एक नियम होता. वैमानिकाला ड्युटीवर घेण्याआधी, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर, एक ठरलेलं वाक्य विचारायचं: "आपली पुरेशी विश्रांती झाली आहे का, आणि आपण उड्डाणासाठी तंदुरुस्त आहात का?" तो "हो" म्हणाला की काम झालं. "नाही" म्हणाला तर मग कंपनीचा मालक आला तरी त्याला कॉकपिटमध्ये बसवू शकत नाही. प्रश्न चांगलाच आहे. मेख होती ती प्रश्न विचारायचा कधी, यात. ती तो अगदी शेवटी विचारायची. आधी गाडी किती वाजता येईल ते सांगायचं, मग विमान कोणतं, सोबत को-पायलट कोण, त्याच्या मुलीची परीक्षा कशी झाली. आणि माणूस बोलता बोलता बूट शोधायला लागला, की एका दमात ते वाक्य म्हणून टाकायचं. बूट शोधणारा माणूस "हो" म्हणतोच. विभागात नव्याने आलेल्या मुलींना तिने हेच शिकवलं होतं, आणि शिकवताना तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. खोटं का बोला.

त्या दिवशी पावणेतीनच्या विमानाने तिची आई जाणार होती.

आईची थोरली बहीण, अक्का, डोंगरापलीकडच्या गावात शेवटचे दिवस मोजत होती. दिवस म्हणायचे तरी; डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी दिवस सोडून तासांवर बोलायला सुरुवात केली होती. आई चार वर्षांची असताना त्यांची आई गेली, आणि अकरा वर्षांच्या अक्काने हिला अंगाखांद्यावर वाढवलं. वेणी घालण्यापासून पहिल्या नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं अक्काने केलं होतं. तिथे रस्त्याने जायला सोळा तास लागत आणि आईच्या मणक्याला दोन तासांच्या वर बसणं झेपत नव्हतं. विमान दिवसातून एकच. बारा वाजल्यापासून आई विमानतळावर जाऊन बसणार होती, कारण वेळेवर पोचणं म्हणजे तिच्या लेखी उशिरा पोचणं.

ती फोनला भिडली. पहिल्या कॅप्टनच्या बायकोने "हे घरी नाहीत" म्हणून सांगितलं, आणि मागे तो गुळण्या करत असलेला स्वच्छ ऐकू आला. दुसऱ्याने पाठ धरल्याचं सांगितलं. तिसरा तयार झाला. चौथ्याला तिने मुलीच्या परीक्षेवरून फिरवून आणलं. साडेदहापर्यंत तीन चौकटी भरल्या, एक उड्डाण संध्याकाळच्या दुसऱ्या उड्डाणात मिसळून टाकलं, आणि उरलं पावणेतीनचं. विमान लहान, प्रवासी एकेचाळीस. माणसं कमी पडली की पहिली कुऱ्हाड अशाच विमानावर पडते.

साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. वाईट माणूस नव्हता. दोन महिने घरी जेवला नव्हता, इतकंच.

"होकारकाका आहेत ना?" ते म्हणाले.

"त्यांची आज सुट्टी आहे, साहेब. पाच दिवस सलग उडालेत."

"काल रात्री सव्वादहाला उतरलेत. नियमाप्रमाणे बारा तासांची विश्रांती झाली. कागदावर एकदम स्वच्छ आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची आई आहे ना त्या विमानात? तुमच्याचसाठी सांगतोय. लावा फोन."

होकारकाका हे नाव त्यांच्या माघारी पडलेलं. अठ्ठावन्न वर्षांचे कॅप्टन, केस पिकलेले, बोलणं कमी. बोलावलं आणि ते नाही म्हणाले, असं एकोणीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. साहजिकच कुणीही अडलं की सगळ्यात आधी त्यांनाच फोन जायचा. जो नाही म्हणत नाही त्याच्याच डोक्यावर सगळे बसतात, हे काही तिने शोधून काढलेलं नव्हतं. तीही बसायची.

पण परवाच एक गोष्ट झाली होती. वैमानिकांना घरी सोडणाऱ्या गाडीचा चालक चहा पिताना सांगत होता, की काका मागच्या सीटवर झोपले ते घर आलं तरी उठेनात. त्याने खांद्याला हात लावला, तर डोळे न उघडताच म्हणाले, "चाकं खाली घे," आणि समोरच्या सीटच्या पाठीवर हाताने कसला तरी दांडा चाचपायला लागले. चालकाने नक्कल अशी केली की सगळी खोली पोट धरून हसली. तीही हसली होती.

तिने नंबर फिरवला. तो तिला पाठ होता. काकांनी दुसऱ्या घंटीला उचलला.

"बोला ताई. किती वाजता येते गाडी?"

काम झालं होतं. होकार पदरात पडला होता, तोही न मागता. "एक चाळीसला" एवढंच म्हणायचं होतं आणि मग शेवटी ते वाक्य, एका दमात. आई अक्काच्या उशाशी साडेचारपर्यंत पोचली असती. तिने तोंड उघडलं आणि तिचं तिलाच नवल वाटेल असं बोलली.

"थांबा काका. आधी प्रश्न विचारते." आणि तिने ते वाक्य म्हटलं. सावकाश म्हटलं, मध्ये श्वास घेऊन, जसं ते लिहिणाऱ्याने लिहिताना मनात म्हटलं असेल तसं. मग ती थांबली.

पलीकडे नळ चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"हे तुम्ही शेवटी विचारता ना?" काका म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक होतं आणि एकोणीस वर्षं ते बूट शोधत "हो" म्हणत आले होते. तिला शरमेने कानांपर्यंत गरम वाटलं.

"आज आधी विचारतेय," ती म्हणाली.

"काही झालंय का, ताई?"

"काही नाही. तुम्ही विचार करून सांगा. मला घाई नाही."

समोर साहेब दोन्ही हातांनी खुणा करत होते, की घाई आहे, चांगलीच घाई आहे. तिने मान फिरवली.

"परवा उतरताना…" काकांनी सुरू केलं आणि तिथेच आवरलं. फोन रेकॉर्ड होतो हे त्यांनाही माहीत होतं.  मग ते म्हणाले, "नाही. नाही झाली विश्रांती. आज नाही जमणार मला." आणि लगेच, चूक केल्यासारखं, "माफ करा हं."

"माफी कसली, काका. ठेवते मी."

फोन ठेवल्यावर साहेब खुर्ची ओढून बसले. "हातात आलेलं घालवलंत," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "तो माणूस गाडी किती वाजता येते विचारत होता."  तिने आणखी पाच नंबर फिरवले आणि एकही लागला नाही. साडेबाराला तिने स्वतःच्या हाताने पावणेतीनच्या उड्डाणापुढे "रद्द" लिहिलं, आणि विमानतळाच्या पाटीवर "कामकाजाच्या कारणास्तव" असं झळकलं. एकेचाळीस माणसांच्या एकेचाळीस कारणांपुढे कंपनीचं हे एक कारण.

आईचा फोन आला. "उद्याच्या विमानात बसवतील का गं?" तिने विचारलं.

"बघते, आई."

"बघ. मी बसते इथेच थोडा वेळ, गर्दी ओसरली की घरी जाईन. तू तुझं काम कर."

ती काम करत राहिली, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. काकांचा जीव थकला म्हणून तिने तसं विचारलं, असं तिला स्वतःला सांगायचं होतं, आणि ते सांगता येत नव्हतं. काका काय आज थकले? गेल्या महिन्यात, त्याच्या आधीच्या महिन्यात, तिने अशाच आवाजांकडून एका दमात होकार काढून घेतले होते, आणि त्या विमानांतून दुसऱ्या कुणाकुणाच्या आया बसून गेल्या होत्या. तेव्हा तिला प्रश्न आधी विचारायचं सुचलं नव्हतं. स्वतःची आई बसणार म्हटल्यावर बरोबर सुचलं. आणि सुचलं तेही असं की त्याच आईची वाट बंद झाली.

साडेपाचला मावसभावाचा फोन आला. अक्का पाच वाजून दहा मिनिटांनी गेली.

ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई पलंगाच्या कडेला बसली होती, बाहेर जायच्या कपड्यांतच, बांधलेली बॅग पायाशी. बातमी तिला कळली होती. ती रडत नव्हती; रडून झालं होतं की व्हायचं होतं, कळेना. मुलगी शेजारी जाऊन बसली.

"पायलट नव्हता म्हणे," आई म्हणाली. "काउंटरवरच्या पोरीने सांगितलं."

इथे गप्प बसता आलं असतं. सगळ्या जगाला तेच सांगितलं होतं. "होता," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. काकांचं, गाडीतलं, प्रश्नाचं. 

"तू नुसतं ये म्हणाली असतीस तर आला असता?"

"आला असता."

"आणि नीट नेलं असतं आम्हाला?"

"बहुतेक नेलं असतं. आजवर नेलंच आहे."

आईने बॅग पायाने थोडी सरकवली. मग म्हणाली, "तीन वाजता तुझ्या भावाने तिच्या कानाला फोन लावून दिला. मी विमानतळावरच होते, खुर्चीवर. सगळे कधीच निघून गेले होते. मी तिला म्हटलं, अक्का, विमानात बसलेय बघ, दार लावतायत, आता फोन ठेवायला सांगतील. आणखी काय सांगणार होते मी?"

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, खिडकीशी बस."

मुलीला हुंदका आवरला नाही. "तू जाणार होतीस म्हणून विचारलं मी त्याला, आई. एरवी मी असं विचारत नाही. कुणासाठीच नाही विचारलं कधी."

"कळलं ते मला," आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आज माझ्याकडून तुला काही बरं बोललं जाणार नाही. आशा धरू नकोस."

"नाही धरत."

 दिवा लावायला कुणी उठलं नाही. खालच्या रस्त्यावरून मुलं सायकली घेऊन ओरडत गेली. आईने बॅगेच्या बंदाशी हात नेला, आणि तो न सोडताच मागे घेतला.

"झोपला का तो?" तिने अचानक विचारलं.

"कोण?"

"तो तुझा काका. एवढं करून झोपला तरी का?"

"माहीत नाही."

"मग विचार की."

तिने आपल्या साध्या फोनवरून नंबर लावला. हा फोन कुठे रेकॉर्ड होत नव्हता. काकांच्या बायकोने उचलला, आणि आवाज ओळखल्याबरोबर त्यांचा सूर पडला. खोली इतकी शांत होती की पलीकडचा शब्दन् शब्द आईलाही ऐकू येत होता.

"ताई, ते झोपलेत हो. सकाळी तुमचा फोन झाला, दोन घास खाल्ले, आणि जे आडवे झाले ते अजून कुशीवर वळलेले नाहीत. असं झोपलेलं मी त्यांना वर्षभरात बघितलं नाही. मी दोनदा जवळ जाऊन श्वास बघून आले." मग नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "अडलंच असेल तुमचं तर उठवते."

 आईने हात पुढे करून फोन मुलीकडून घेतला.

"नका उठवू," आई म्हणाली. "झोपू द्या त्यांना."