धर्मशाळेच्या पायरीवरची बाई

नारायणरावांनी चष्मा पुसला आणि टिपणांचा शेवटचा कागद पालथा ठेवला. देवासच्या मराठी वाचनालयात ते दर शनिवारी एका कथाकाराची ओळख करून देत. दरबारची नोकरी संस्थानाबरोबर संपली, तेव्हा हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. आज सात माणसे आली होती.

“घर सोडून आलेली बाई धर्मशाळेच्या पायरीवर बसते, आणि कथा तिथंच थांबते,” ते म्हणाले. “कादंबरीला पुढचं सांगावं लागतं. लघुकथा एक क्षण दाखवते आणि बाजूला होते. लेखकाचा संयम तो हाच.”

माणसे उठली. शिंपी आळीतली सुभद्रा तेवढी बसून राहिली. तिला अक्षरओळख बेताचीच, पण तिने एकही शनिवार चुकवला नव्हता.

“रावसाहेब, त्या बाईला पुढं कुणी विचारलं का?”

“ते कथेत नाही.”

“लेखकानं नसंल लिहिलं. पण घरच्यांनी? त्यांना तर मालूम असंल ना, ती कुठं बसलीय ते?”

नारायणरावांनी जुळलेलेच कागद पुन्हा जुळवले.

“असेल.”

“मग त्यांचा कसला संयम?” सुभद्रा सहज बोलली आणि पदर सावरून निघून गेली.

त्यांची मुलगी विनोदिनी तीन वर्षे सोनकच्छला होती. तिने एका माळवी मास्तराशी लग्न केले, त्या दिवसापासून त्याचे नाव घरात कुणी काढले नव्हते. तिची दोन पत्रे आली. दोन्हींची भाषा नारायणरावांना आवडली होती. उत्तर मात्र गेले नव्हते.

पुढल्या शनिवारी वाचनालयाच्या फळ्यावर ‘आज व्याख्यान नाही’ एवढेच लिहिलेले होते. नारायणराव सकाळच्या मोटारीने सोनकच्छला उतरले आणि विचारत विचारत मंडीमागच्या घरापाशी पोचले.

विनोदिनीने दार उघडले. तिच्या हातांना कणीक होती.

“तीनच्या मोटारीनं परत निघायचंय,” ते घाईने म्हणाले.

“हे पाचला येतात शाळेतून.”

ती दारातून हलली नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिची धूळ खाली बसली. मग नारायणरावांनी वाकून जोडे काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले.

“त्यांना यायला कधी उशीर तर होत नाही ना?” त्यांनी विचारले.