पडलेली खुंटी

लालबागच्या त्या चाळीत गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. मागे कापड सोडलेल्या चौकटीवर टांगलेले तीन डफ आपोआप वाजत. एक दर तीन मात्रांनी, दुसरा चारांनी, तिसरा पाचांनी, आणि तिघे एकदम समेवर आले की बायका डोळे पुसत. शेजारी उंच गादीवर नादानंद महाराज पायांवर शाल टाकून बसत. त्यांचा गुडघा थरथरला, की लोक म्हणत, गंधर्व आले.

"गंधर्वांना हात लागत नाहीत, बाळांनो," महाराज सांगत. नारळ मात्र लागत, तेही सोललेले.

भिवाचा जळफळाट होई. चाळीच्या भजनी मंडळाचा पखवाज लग्नाआधीपासून त्याच्याकडे होता. मंडळाचे प्रमुख राजाराम एके दिवशी म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला यंदा महाराजांचे डफ नेऊया. तू झांज धर."

भिवाला रात्रभर झोप नाही. तीन मात्रांवर पाच वाजवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी लोक डोळे मिटून ऐकत होते, तो खोट काढायला ऐकत होता. आणि खोट सापडली. पाचाचा डफ दर फेरीत त्याच जागी एक ठोका गाळायचा. माणूस चुकतो तो कुठेही चुकतो. पण भिवा कामाला होता त्या कापडगिरणीत, मागावरची नक्षी ठरवणारी एखादी लाकडी खुंटी पडली, की कापडात तोच दोष त्याच जागी पुन्हा पुन्हा उतरे.

"आता हा चुकणार," तो मोठ्याने म्हणाला. डफ चुकला. पुढच्या फेरीलाही तेच झालं.

"मूढा, गंधर्व तुझी परीक्षा घेतायत," महाराज गरजले.

राजारामही गिरणीत मागावरच काम करणारे. "भिवा, खुंटी पडलीय काय रे?" म्हणत त्यांनीच कापड ओढलं.

मागे लाकडी पट्ट्यांची साखळी फिरत होती. पहिल्या डफासाठी दर तिसऱ्या पट्टीवर खुंटी, दुसऱ्यासाठी चौथ्या, तिसऱ्यासाठी पाचव्या, आणि त्यांतली एक खुंटी गळून पडलेली. खुंटी आली की हातोडी डफाला मागून ठोका देई. खालून पट्टा निघून गादीखालच्या शिवणयंत्राच्या पायडलला गेला होता, आणि पायडलवर महाराजांचा पाय होता. गुडघा थांबला, तसे गंधर्वही थांबले.

"कुणी बांधलं हे?" भिवाने विचारलं.

"मीच," महाराज पुटपुटले.

भिवाला आता जास्तच हेवा वाटला. "मग स्वतःचं नाव सांगायला लाज कसली? एवढं डोकं आहे, ते गंधर्वांच्या नावावर का खपवता?" तो लोकांकडे वळला. "हात जोडायचे तर जोडा. पण आधी कापड बाजूला करून बघा."

राजारामांनी पखवाज त्याच्या पुढ्यात ठेवला. भिवाने तो घेतला नाही. तो साखळीजवळ बसून पट्ट्या मोजत म्हणाला, "थांबा. आधी ही पडलेली खुंटी बसवू द्या."