बाहेरचं बघा

पोस्टरवर समई, घंटा आणि भस्म लावलेला एक बाबा होता. आई म्हणाली, "देवाचा पिक्चर दिसतूय, चल बघू." कोपऱ्यात केस मोकळे सोडलेली, डोळे पांढरे केलेली पोरगी होती, ती काही तिला दिसली नाही. डोळे तपासायलाच तर आई गावाहून, निमगाव केतकीहून, बारामतीला माझ्याकडे आली होती. मला दिसली होती. पण दुपारचं ऊन मी म्हणत होतं, थिएटरात एसी होता, आणि आईला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं. तिथंच चुकले.

पाच मिनिटांत कळलं, की पोरीच्या अंगात काहीतरी शिरलंय आणि बाबा ते काढणार आहे. मी विचारलं, "आई, उठायचं का?"

"आता आलोय तर बस की गप."

लोकांचं म्हणाल तर भीती निम्म्यांनाच वाटत होती. पोरगी भिंतीवर चढली की कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. पडद्यावर देव दिसला की चपला काढून हात जोडायची, देव गेला की परत चपला घालायची. शेजारचे एक काका घोरत होते. भुताला खरं उत्तर त्यांनीच दिलं म्हणायचं.

मग पोरीला झटका आला. मान मागं गेली, अंग लाकडासारखं ताठ झालं. आईनं माझा हात घट्ट धरला. रेश्माताईचं तसंच झालं होतं.

रेश्माताई माझी थोरली बहीण. ती तेरा वर्षांची होती, मी नऊची. ताप आला, मान आखडली, ती काहीबाही बरळायला लागली. तेव्हा गावात असलेल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. बाहेरचं बघा." आमच्याकडे बाहेरचं म्हणजे एकच, भुताखेताची बाधा. ते बघायला देवऋषाकडं जायचं. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आईनं दुसरा विचार केला नाही. ताईला लांबच्या एका देवऋषाकडं नेलं. त्यानं लिंबं उतरवली, धूर दिला, आणि तिसऱ्या दिवशी ताई गेली.

चौदा वर्षं आई एकाच आधारावर उभी आहे. कुणी विषय काढला की म्हणते, "आमी आडाणी न्हवतो. डॉक्टरनंच सांगितलं व्हतं." मीही तेच धरून होते. मग बारामतीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात एक डॉक्टर फोनवर कुणाला तरी म्हणाले, "इथं जमणार नाही, बाहेरचं बघा म्हणून सांगितलंय त्यांना." बाहेरचं म्हणजे बाहेरचा, मोठा दवाखाना. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत कामाला बसले. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्याकडं उरलं काय असतं?

पडद्यावरच्या डॉक्टरनंही चष्मा काढून मान हलवली. "हे आमच्या हातातलं नाही."

आईला राहवलं नाही. आयुष्यभर या बांधावरून त्या बांधावर हाळ्या दिलेल्या, हळू बोलणं तिला ठाऊकच नाही. "बघ निके! आमालाबी असंच म्हणला व्हता, बाहेरचं बघा म्हणून!"

मागच्या रांगेतून एक रांगडा आवाज आला. "आवो मावशी, बाहेरचं म्हंजी बारामतीला न्या म्हणला आसंल त्यो!"

सगळं थिएटर हसलं. पदरवाली बाईसुद्धा हसली. त्या माणसाला मी दोष देत नाही. दुसऱ्या कुणाची आई असती तर मीही हसले असते.

पुढं बाबानं मंत्र म्हटले, धूर झाला, पोरीनं डोळे उघडले आणि आपल्या आईच्या गळ्यात पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं माझा हात कधी सोडला ते मला कळलं नाही.

आम्ही स्टँडवर आलो. गावाकडं जाणारी इंदापूरची गाडी अजून लागायची होती. आई बाकावर बसली आणि म्हणाली, "निके, त्यो माणूस म्हणला तसं आसतं?"

चार वर्षं मी हेच लपवत होते, अजून एक दिवस लपवणं काही अवघड नव्हतं. पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की खोटं बोलायला जीभ रेटेना.

"व्हय," मी म्हणाले.

"तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय, आई."

वाटलं, आता शिव्या देईल, एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त समोरच्या रस्त्याकडं बघितलं.

"देवऋषी बारामतीच्या फुडं राहायचा," ती म्हणाली. "जीप ह्याच रस्त्यानं गेली व्हती. रेश्मानं पाणी मागितलं म्हणून हितंच थांबलो आमी, ह्या स्टँडाम्होरं. पाणी पाजलं आन् तिला फुडं घिऊन गेलो."