पेर्टलासाठी चौदा भोके

मित्रांनो, मी एक जुने काचेचे कपाट आहे. पोटात साप सांभाळण्यासाठी मला कुणी घडवले नव्हते. पान्चेवो शहरातल्या एका कारखान्यात अक्रोडाच्या लाकडातून माझा जन्म झाला आणि ल्युबिंका आजीच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. पाचव्या मजल्यावरच्या बैठकीत मला भिंतीला टेकवले आणि माझ्यात नक्षीचे पेले मांडले. ते वर्षातून एकदा, कुलसंताच्या सणाला बाहेर निघत. पाहुणे माझे कौतुक करत आणि मला त्याची चांगलीच चटक लागली होती.

पुढे आजोबा वारले, पाहुणे कमी झाले, पेले एकेक करून फुटले. माझ्यात तुटके चष्मे आणि बंद पडलेले रिमोट साठू लागले. एका वसंतात आजी मला तळघरात टाकायला निघाली. तेव्हा तिची नात तियाना आडवी आली. तिच्या हातातल्या डब्यात एक पिल्लू होते, बिनविषारी मक्यासापाचे, नारिंगी आणि बुटाच्या नाडीएवढे. म्हणून त्याचे नावच पेर्टला, म्हणजे आमच्या भाषेत नाडी.

मला वाटले, आता घरात आकांत होणार. पण आजी खाली वाकून बघतच राहिली.

"घरचा साप उंबऱ्याखाली राहतो. त्याला कुणी मारत नाही," ती म्हणाली. "पण आपल्या उंबऱ्याखाली खालच्या मजल्यावरच्या व्हेस्नाचं स्वयंपाकघर आहे. ती बोंबलेल. राहू दे कपाटातच."

तियाना कामाला लागली. तिने माझा खालचा एकच खण पेर्टलाला दिला. फार मोठ्या जागेत पिल्लू बिथरते आणि खायचे सोडते, असे ती म्हणाली. एका टोकाला विजेवर गरम होणारी पातळ चटई, तिच्यावर लक्ष ठेवायला थर्मोस्टॅट, दुसरे टोक मुद्दाम थंड. दोन्हीकडे लपायला सालीचे तुकडे, मध्ये पाण्याची वाटी. ऊब हवी तर इकडे, गारवा हवा तर तिकडे, पिल्लाची मर्जी. मग तिने ड्रिल घेतले आणि आतूनच माझ्या पाठीला चौदा भोके पाडली. दुखले, खोटे कशाला बोलू? पण पहिल्या रात्रीपासून माझ्या पोटात कुणीतरी श्वास घेत होते. मी मनाशी ठरवले, हा श्वास चालू ठेवायचा.

नोव्हेंबरात तियाना परीक्षेसाठी पाच दिवस परगावी गेली, आणि नेमका कोशावा सुटला. तो वारा घुसला की आमच्याकडे माणसे खिडकीच्या फटींना पंचे लावतात. दात दुखला, कान ठणकला, पाठ धरली, सगळ्याचे खापर घरातून आरपार जाणाऱ्या वाऱ्यावर फुटते. व्हेस्नाकाकूंचा घटस्फोटही त्यानेच झाला असे आजीचे मत होते. ती माझ्या मागे हात घालून चाचपडली. भोकांतून गार वारा लागला. तिने विणायच्या लोकरीचे गोळे केले आणि चौदाही भोके गच्च बुजवली.

"झोप आता उबेत," ती पेर्टलाला म्हणाली.

वाटीतल्या पाण्याची वाफ आतच कोंडू लागली. तळाचा भुसा ओला झाला. मला बोलता येत नव्हते, म्हणून मी काचेवर धुके धरले. आजीने व्हिनेगरच्या फडक्याने ते पुसले. मी पुन्हा धरले, तिने पुन्हा पुसले. चार दिवस आमचे हे असेच चालले. मी काही हटले नाही आणि तीही हटली नाही.

तियाना परतली तेव्हा पेर्टला मान वर करून, तोंड उघडे टाकून पडले होते. नाकाशी बुडबुडे येत होते. ती तशीच त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि संध्याकाळी परतली.

"छातीत संसर्ग झालाय. जगेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. हवा कोंडली की असं होतं. पण आजी, मी तर चौदा भोकं पाडलीत!"

आजीच्या सुया थांबल्या.

"आता नाहीत," ती म्हणाली. "लोकर कोंबलीय मी. वारा सरळ त्याच्या अंगावर येत होता गं. एवढासा जीव, मान आखडली असती त्याची."

"आजी, तो अख्खा मानच आहे!"

तियाना हसली आणि लगेच रडू लागली. आजी मात्र उठली.

"रडून काय होणार? धर हे कपाट, पुढे ओढ."

एक्केचाळीस वर्षांनी मी भिंतीपासून सुटले. आजीने क्रोशाच्या सुईने एकेक गोळा मोजून उपसला. ओला भुसा काढला, कोरडा भरला. तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी पेर्टलाला इंजेक्शन होते. ज्या आजीने कधी त्याला बोटही लावले नव्हते, ती त्याला दोन्ही हातांत धरून बसे.

"हलतंय का?" तियाना सुई धरून विचारी.

"हलू दे. तू टोच."

मी दिवसरात्र माझी चौदाही भोके मोकळी ठेवून उभे होते. तेविसाव्या दिवशी पेर्टलाने तोंड मिटले. त्यानंतर चार दिवसांनी त्याने एक इवलासा उंदीर गिळला आणि आजीने शेजारी जाऊन ही बातमी सांगितली.

मित्रांनो, घरी एखादा जीव आणाल तर त्याला किती ऊब लागते, किती हवा लागते, हे आधी शिकून घ्या. आपल्याला थंडी वाजली म्हणून त्याला पांघरूण घालू नका. आजीचे प्रेम खरे होते, तरी पेर्टला मरता मरता वाचले.

परवा सणाला व्हेस्नाकाकू माझ्याजवळ बसल्या आणि मान चोळत म्हणाल्या, "अगं बाई, इथं मागून केवढा वारा येतोय! बुजव की काहीतरी."

आजीने दोन शाली गुंडाळल्या होत्या. त्यांतली एक काढून तिने काकूंच्या गळ्यात घातली.

"तू पांघर," ती म्हणाली. "भोकांना हात लावायचा नाही."