घुमटाखालची कुजबुज

वेंडेल होग बायकोला घेऊन चर्चच्या सहलीला येतोय, याचं बसमधल्या बायकांना केवढं कौतुक! एरवी आर्डिस दिसायची ती फक्त रविवारी, आणि तीही नवऱ्याला चिकटून बसलेली.

"नशीबवान आहेस गं," पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली. "आमचं ध्यान घरातून हलायला तयार नाही."

आर्डिस हसली. वेंडेलने थर्मासमधली कॉफी तिला ओतून दिली आणि तिच्या डाव्या मनगटावर साळसूदपणे हात ठेवला. ते मनगट गेल्या हिवाळ्यात मोडलं होतं. तळघराच्या जिन्यावरून पडली म्हणे. सांगणारा खुद्द वेंडेल, चर्चचा कारभारी, गावातल्या प्रत्येकाच्या मयताला खांदा द्यायला पुढे असणारा माणूस. त्याच्यावर संशय घ्यायची कुणाची छाती होती?

खरी गोष्ट अशी होती की आर्डिसला आज घरी परत जायचंच नव्हतं. शेजारच्या राज्यातून तिची धाकटी बहीण नॉर्मा गाडी घेऊन येणार होती आणि सहल जिथे चालली होती त्या विधानभवनाच्या उत्तरेकडच्या दाराशी थांबणार होती. घरचा फोन वेंडेलच्या खुर्चीशेजारी, त्यामुळे हे सगळं ठरलं शेजारीण लोइसच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून. सबंध बसमध्ये ही गोष्ट ठाऊक होती ती एकट्या लोइसला. लोइस मनाने चांगली होती, पण भित्री.

विधानभवनात शिरल्यावर सगळ्यांच्या माना वर गेल्या. उंचच उंच घुमट, खाली संगमरवरी गोल दालन, भिंतीवर जुन्या सेनापतींची चित्रं. गाइड म्हणून आलेली तरुण मुलगी खांब कुठून आणले ते सांगत होती आणि मंडळी आपापली पांगली होती. वेंडेल थेट पलीकडच्या भिंतीशी, एका घोडेस्वाराच्या चित्रापुढे पाठमोरा उभा होता. एवढं अंतर आर्डिसला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. ती अलीकडच्या भिंतीशी सरकली, लोइसही आली.

"नॉर्मा आली असेल का गं?" आर्डिस भिंतीकडे तोंड करून कुजबुजली.

"आली असेल. उत्तरेच्या दाराशीच ना?"

"हो, निळी गाडी. सगळे जेवायला बसले की मी बाथरूमला म्हणून उठते. तू त्याला बोलण्यात गुंतव."

"गुंतवते. पण हातात पिशवीबिशवी घेऊ नकोस, कळेल त्याला."

पलीकडे वेंडेल चित्रच बघत होता. थोड्या वेळाने तो गाइडच्या कानाशी काहीतरी बोलला आणि बाहेरच्या मार्गिकेत गेला. "पुन्हा बाथरूम! म्हातारपण आलं म्हणायचं!" पास्टर म्हणाले, आणि सगळे खिदळले.

मग मंडळी आमदारांचं सभागृह बघायला गेली. जुनी लाकडी बाकं, पितळी दिवे, सभापतींची खुर्ची. आर्डिसला त्यातलं काही दिसलं नाही. तिचा सगळा जीव उत्तरेच्या दारात होता. सगळे घुमटाखाली परत आले तेव्हा वेंडेल तिथे आधीच उभा होता. त्याच्या कोटाच्या खांद्यांवर बर्फ वितळत होता.

बाथरूम तर इमारतीच्या आत होतं.

"आता गंमत दाखवते," गाइड म्हणाली. "ही मी मुद्दाम शेवटी ठेवते. या भिंतीशी कुजबुजलं की ते घुमटावरून फिरून थेट समोरच्या भिंतीशी ऐकू येतं, अगदी शब्दन् शब्द. मध्ये उभ्या असलेल्यांना मात्र काही कळत नाही. कुणी नवरा-बायको आहेत का? मजा येईल!"

लोइसने आर्डिसचा दंड घट्ट धरला. वेंडेलचा हात वर गेला होता.

"आम्ही आहोत ना," तो म्हणाला. "आर्डिस, तू मघाशी उभी होतीस ना, तिथेच राहा."

तो घोडेस्वाराच्या चित्राशी गेला आणि भिंतीकडे वळला. एवढं मोठं दालन, एवढी माणसं मध्ये, आणि त्याचा आवाज तिच्या कानाशी आला, उशीवर शेजारी डोकं ठेवल्यासारखा.

"नॉर्मा गेली. तू आजारी आहेस, सहलीला आलीच नाहीस, असं सांगितलं तिला. आता घरी चल. या वेळी उजवा मोडतो."

"काय म्हणाला? काय म्हणाला?" बायकांनी गलका केला. "लाजू नकोस, सांग की!"

अशा वेळी द्यायची उत्तरं आर्डिसकडे नेहमी तयार असायची. पाय घसरला, कपाटाचं दार लागलं, माझंच लक्ष नव्हतं. पण आज भरदिवसा एवढे लोक भोवती होते. आज नाही बोलले तर मग मेल्यावरच, असं तिला वाटलं. ती मोठ्याने म्हणाली, "म्हणाला, घरी गेल्यावर या वेळी उजवा हात मोडतो. डावा त्यानंच मोडला होता."

गाइडचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

आणि मग पलीकडून वेंडेल हसला, अगदी पोट धरून. "ऐकलंत? तीस वर्षांनी माणूस बायकोला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणतो, आणि ही बया बघा काय सांगते! आणि तुम्ही मला थट्टेखोर म्हणता!"

आधी पास्टर हसले. मग सगळेच हसले, सुटलो एकदाचे म्हणून हसावं तसे. तो हशा घुमटात जाऊन दुप्पट होऊन खाली आला. "आर्डिस, तू एवढी मिश्कील असशील असं वाटलं नव्हतं हं!" कुणीतरी ओरडलं.

आर्डिसने लोइसकडे पाहिलं. लोइसने बोलायला तोंड उघडलं. वेंडेलने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि तिने ते मिटून घेतलं.

मंडळी जेवायला निघाली. वेंडेल दालन ओलांडून आला. येताना त्याने आर्डिसचा कोट आठवणीने आणला होता. दोन्ही हातांनी तो उलगडून तिच्यामागे धरत तो प्रेमाने म्हणाला, "आधी उजवा हात घाल."