शेवटच्या कडव्यातलं नाव

"म्हन वं सपना! लाजस काय? तुन्हंच गानं शे ते!"

गल्लीतल्या प्रमिलाबाईंनी पाठीत असा धक्का दिला, की मी थेट जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशीच पोचले. सकाळचे आठ वाजत आलेले. चाळीसेक बाया रस्त्यावर फतकल मारून बसलेल्या. मागणी एकच, आत बायांसाठी संडास बांधा. इतकी साधी, की सांगतानासुद्धा राग येतो. बाजूला द्रौपदाअक्का उभी होती, हातात डफ घेऊन. वाजवणार ती, गाणार मी.

कारण अक्काचा आवाज गेलाय. नरडाण्यातल्या या जिनिंगमध्ये बावीस वर्षं ती कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचतेय आणि रुईचा धुरळा घशात बसत गेलाय. आता ती बोलते ते शेजारच्यालाच ऐकू येतं. आधी मात्र ती गायला लागली, की फाटकावरचा वॉचमनही खुर्चीतून उठून उभा राहायचा.

ती आमच्या गल्लीत राहते. चौथी शिकलीय, पण गाणी स्वतः लिहिते. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे, निळ्या शाईनं. त्या पानांचा दोऱ्यानं शिवलेला गठ्ठा पिठाच्या डब्यामागे ठेवलेला असतो. तिचे वडील जलशात गायचे. तिथली रीत तिनं कधी मोडली नाही. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. "नाव नही ते गानं पोरकं," ती म्हणते.

आणि मी? नववीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. खरंच! हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. अक्कानं एकदा मला भांडी घासताना गुणगुणताना पकडलं. "गळा शे, पन वापरस नही. गंज चढी जाई ना!" दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर आमची शाळा. सहा महिन्यांत मी अशी सुटले, की आई म्हणाली, "द्रौपदाबाई, हिनं बंद करानं बटन कोठे शे, ते बी सांगा."

मग धुळ्याची आंतरशालेय स्पर्धा आली. अक्कानं गठ्ठ्यातलं पान उसवून माझ्या हातात दिलं.

कापूस येची दिन गया वं,
धुरोळा छातीम्हा बठना,
आम्हना कापूसनी गादी व्हयनी,
आम्हना पाठले धोंडा ऱ्हायना.

शेवटी,

द्रौपदा म्हने, उठा वं बाया,
धरा गेटनी वाट,
तोंडले बांधा पदर भले,
आवाजले नका मारू गाठ.

धुळ्याला टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "लोकगीताला पाच जणींचा गट लागतो. एकटी असशील तर स्वरचित गीतात नाव टाकते. स्वतःचं आहे ना?"

मी एक क्षणही थांबले नाही. "हो," म्हणाले. एवढ्या खणखणीत आवाजात, की मलाच माझं कौतुक वाटलं. तो आवाज मला कुणी दिला होता, हे तेव्हा आठवलं नाही.

मग मंचावर गाताना शेवटचं कडवं आलं. द्रौपदा, तीन अक्षरं. सपना, तीन अक्षरं. ती काढली, ही बसवली. चालीला साधा धक्कासुद्धा लागला नाही! टाळ्या पडल्या, कप मिळाला.

संध्याकाळी अक्का ओट्यावरच वाट बघत होती. तिनं माझ्या तोंडात गूळ-शेंगदाणे कोंबले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "शेवटलं कडवं म्हनं ना?"

"हा, म्हनं."

"बठ्ठं? नावसकट?"

"बठ्ठं."

ती इतकी खूश झाली, की डफावर एक थाप मारूनच घरात गेली.

स्पर्धेत कुणीतरी काढलेला माझ्या गाण्याचा व्हिडिओ गल्लीत पोचायला दोन दिवस लागले. प्रमिलाबाईंनी तो अक्काच्या कानाशी धरला. मी समोरच होते. अक्कानं शेवटपर्यंत ऐकलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "आवाज चांगला लागना." बस्स, एवढंच कौतुक. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या. त्याऐवजी ती दुसऱ्या दिवशीही शिकवायला बसली, आणि मला तिच्याकडे बघताच येईना.

आणि आता हे फाटक. धुळ्याहून संघटनेचे पितांबरभाऊ आलेले, मांडीवर वही उघडून. ते बायांच्या गाण्यांची पुस्तिका काढतायत, उद्याच छापायला जाणार. "शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याच्याच नावावर गाणं छापू," असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं.

मी श्वास घेतला आणि ओरडले, "हाई गानं मन्हं नही शे! द्रौपदाअक्कानं शे!"

मग प्रमिलाबाई हसल्या. "देखा वं, कशी गुरुले मान दी ऱ्हायनी पोर!" सगळ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी पुन्हा ओरडले, पण टाळ्यांत ते बुडालं. मी अक्काकडे पाहिलं. सांग ना गं, तू तरी सांग. ती माझ्या कानाशी वाकली.

"मालकनी गाडी उनी. गानं थांबाडू नको."

खरंच, पांढरी गाडी वळणावर आली होती. अक्कानं डफ धरला. मी गायले. बाया उठून उभ्या राहिल्या, गाडी फाटकाबाहेर अडली. शेवटच्या कडव्याला मी सगळा जीव ओतून म्हटलं, "द्रौपदा म्हने..."

पण व्हिडिओ बघून बघून बायांना गाणं पाठ झालं होतं. चाळीस जणी एका सुरात म्हणाल्या, "सपना म्हने, उठा वं बाया!" माझा आवाज त्यात कुठे गेला, मलाच कळलं नाही. अक्काची थाप मात्र एकदाही चुकली नाही.

मालकानं काच खाली केली. पंधरा दिवसांत संडासाचं काम सुरू करतो, म्हणाला. पितांबरभाऊंनी ते त्याच्याकडून लिहून घेतलं. एकच जल्लोष झाला. मी त्यांच्याकडे धावले. वहीत गाण्याखाली माझं नाव होतं. मी त्यांच्या हातातलं पेन ओढून ते खोडलं आणि अक्काचं पूर्ण नाव लिहिलं. धुळ्यात काय केलं, तेही सांगितलं. त्यांनी पेन परत घेतलं.

"पुस्तिकेत बदलतो," ते म्हणाले. "पण पोरी, बायांच्या तोंडात बसलंय ते कसं बदलणार?"

आत भोंगा वाजला. बाया रांगेनं फाटकातून आत जायला लागल्या, गाणं गुणगुणतच, माझ्या नावासकट. सगळ्यांत शेवटी अक्का होती. डफ तिनं माझ्या हातात दिला. मग धुरळ्यासाठी रोज बांधते तसा पदर नाकातोंडावरून घेतला, मानेमागे घट्ट गाठ मारली, आणि आत गेली.