परीक्षेच्या वेळचा ताप

"हनुवटी वर कर, आई. आणि हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तुझाच हात हलतोय."

हात खरोखरच हलत होता. तिने ब्रश बशीच्या कडेला टेकवला, बोटं झटकली आणि आईची खुर्ची खिडकीजवळ आणखी थोडी सरकवली. रंग जुळवायला तिला दिव्याचा उजेड चालत नसे, दिव्याखाली तपकिरी रंग उगाच लालसर दिसतो. आजवर या खुर्चीत बसलेली माणसं सगळी परकी होती. कारखान्यात डोळ्यात ठिणगी गेलेले कामगार, खेळताना चेंडू लागलेल्या मुली, कुणी जन्मापासूनच एका डोळ्याचे. त्यांच्या चेहऱ्याजवळ वीतभर अंतरावर तोंड नेऊन ती त्यांचा शाबूत डोळा बघत बसे आणि त्याचा कृत्रिम जोडीदार रंगवत असे. हॉस्पिटलात सगळे तिला डोळेबाई म्हणत. डोळेबाईंचा हात कापल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

पण आज खुर्चीत आई होती.

आई याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. निवृत्त होईपर्यंत तिने नाकावर माशी बसू दिली नाही. नवशिके डॉक्टर सर्जनपेक्षा तिला जास्त टरकून असायचे. मध्यंतरी झाडलोट करताना तिच्या उजव्या डोळ्यात काडी गेली. "मला कशाला हवा डॉक्टर?" म्हणत तिने कपाटातले थेंब घातले आणि दुखणं अगदी हाताबाहेर गेल्यावरच लेकीला सांगितलं. डोळा काढावा लागला. तेव्हापासून ती काळा चष्मा लावून घरात बसली होती. दाराची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जायची. फोनवर तासन्‌तास गप्पा मारायची, भेटायचं मात्र कुणालाच नाही. कृत्रिम डोळ्याचा विषय निघाल्यावर म्हणाली, "दुसऱ्या शहरात कुणी मोठा माणूस असेल ना? चौकशी कर."

लेकीने मुकाट्याने चौकशी केली. मोठ्या माणसाकडे सहा महिन्यांची रांग होती. आणखी सहा महिने घरात कोंडून घ्यायचं आईच्या जिवावर आलं, म्हणून ती आली. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून असलेल्या या खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

आजवर न येण्याला कारण होता बारावीचा निकाल.

लेक डॉक्टर होणार, हे आईने फार आधीपासून धरून ठेवलं होतं. थिएटरमध्ये सर्जनच्या हातात कात्री देताना ती म्हणायची, "अजून थोडी वर्षं थांबा, माझीच मुलगी मागेल माझ्याकडे." निकाल आला तेव्हा मेडिकल तर सोडाच, साध्या कॉलेजातही कुणी उभं करेल की नाही अशी गत होती. आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भाजी चिरायला बसली आणि चिरतच राहिली. ती भाजी मग दोन दिवस संपता संपेना. संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या.

"काय मग, डॉक्टरीणबाई कुठे आहेत?"

आईच्या तोंडून ते वाक्य तेव्हा पहिल्यांदा निघालं. "अहो, पेपरांच्या वेळी ताप होता हिला. अंग नुसतं फणफणलं होतं. त्यात काय लिहिणार बिचारी?"

लेक दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला ताप नव्हता. साधी शिंकही आली नव्हती.

पुढे तो ताप वाढत गेला. मामाकडे पोचेपर्यंत तो डोक्यात गेला होता. आत्याच्या कानावर गेला तेव्हा पोर परीक्षेच्या वर्गातच चक्कर येऊन पडली होती. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली आणि आधीपेक्षाही कमी गुण पडले, तेव्हा आई म्हणाली, "त्या तापापासून तिचं लक्षच लागत नाही." लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर एक चांगलं स्थळ केवळ या तापापायी हातचं गेलं. मुलाच्या आईने दबक्या आवाजात विचारलं होतं, "मुलगी नाजूक आहे का हो तब्येतीने?" पुढे ज्याच्याशी लग्न झालं तो बिचारा वर्षभर रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायचा.

तिनेही कधी खोडून काढलं नाही. मात्र एक कोडं तिच्या मनात घर करून राहिलं होतं. आईला हे खरंच वाटतं, की आई जाणूनबुजून सांगते? लोकांसमोर आई तापाचं सांगायला लागली की ती आईच्या तोंडाकडे निरखून बघत असे. तोंडावरून काही थांग लागत नसे.

या खोलीत लेक आली ती मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे हॉस्पिटलसाठी कृत्रिम डोळे बनवणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. त्यांनी गुण विचारले नाहीत, एक तयार डोळा तिच्या तळहातावर ठेवला आणि ती काय करते ते बघत राहिले. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा ज्याला बसवणार तो माणूस रडला, तर या डोळ्यातून पाणी येईल?"

मास्तर खूश झाले. "येतं की. उद्यापासून ये, सांगतो कसं ते."

अशी ती हॉस्पिटलात लागली. आई वर थिएटरात, लेक खाली मागच्या खोलीत. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "हॉस्पिटलात असते." त्यात खोटं काहीच नव्हतं. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते त्याने समजावं. दोघी सकाळी एकाच बसने यायच्या आणि फाटकाशी आल्या की आई दोन पावलं पुढे व्हायची.

आता त्याच आईचा डावा डोळा तिच्यासमोर उजेडात उघडा होता. तिने तो इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. बाहुलीभोवती मधासारखा पिवळा पट्टा, त्याच्या बाहेर गडद तपकिरी, आणि अगदी कडेला वयानुसार आलेलं राखाडी कडं. खालच्या बाजूला तिळाएवढा काळा ठिपका. पांढऱ्या भागातही निखळ पांढरं असं काही उरलं नव्हतं, जुन्या चादरीसारखी पिवळट झाक होती.

"एक विचारू?" आई म्हणाली.

"विचार. मान हलवू नकोस."

"त्या पेपराला नेमकं काय झालं होतं गं?"

ब्रश हवेतच राहिला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. वडील विचारायच्या आधीच गेले, नवऱ्याला तापाचं सांगितलं होतं, आणि आईने तर उत्तरच तयार ठेवलं होतं.

"फिजिक्सचा पेपर होता," ती म्हणाली. "दुसराच प्रश्न. काठी पाण्यात अर्धी बुडवली तर वाकडी का दिसते. उत्तर पाठ होतं मला. पण लिहिताना मनात आलं, पाण्यातल्या माशाला वरची काठी कशी दिसत असेल? तेच काढत बसले. आकृत्या काढल्या, खोडल्या, परत काढल्या. मान वर केली तर बाई वेळ संपत आल्याचं सांगत होत्या."

"मासा?"

"हो, मासा."

"पेपरात विचारलं होतं का माशाचं?"

"नव्हतं."

आईने श्वास सोडला. "आणि बाकीचे पेपर?"

"धीरच सुटला माझा. आणि खरं सांगू? केमिस्ट्री मला येतच नव्हती. तू रात्रपाळीला निघालीस की मी पुस्तक उघडून बसायचे, पण त्यातलं अक्षर कळत नव्हतं."

लेकीने बशीतला रंग पुन्हा घोटायला घेतला. बाहेर धोबीखान्यातली गाडी खडखडत गेली.

"मग?" आईने अचानक विचारलं.

"मग काय?"

"कशी दिसते? काठी. माशाला."

तिला हसू फुटलं. ब्रश खाली ठेवावा लागला. "वाकडीच दिसते. पण पाण्याबाहेरचा भाग आहे त्यापेक्षा उंच दिसतो."

"असं?" आई म्हणाली, आणि खरोखरच विचार करू लागली. लेकीला तिच्या भुवईवरून ते कळलं.

"आता मी विचारते," ती म्हणाली. "मला ताप नव्हता, हे तुला माहीत होतं?"

"मी नर्स आहे. पेपराच्या दिवशी पहाटे ड्यूटीवरून आले तेव्हा तुझ्या कपाळाला हात लावला होता. गार होतं."

"मग?"

"शेजारणीला काहीतरी सांगायला नको? एकदा सांगितलं, मग सांगतच गेले. आणि पोरी, आता मला ते आठवतंसुद्धा. तुझ्या उशाशी बसलेय, पट्ट्या ठेवतेय, ते पोचा आलेलं भांडं. गार कपाळही आठवतं आणि पट्ट्याही आठवतात. दोन्ही कसं असेल?"

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

"वाटायचीच की." आईने आवाज खाली आणला नाही. "तुझी वाटायची, पण माझी जास्त वाटायची. पोर आजारी पडली तर त्यात आईचा काय दोष? पण अभ्यासात मागे पडली म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच, आई कुठे होती? आई दुसऱ्यांच्या उशाशी होती."

"असं कोण म्हणालं असतं तुला?"

"कोणी नाही. मीच."

लेकीने ब्रश उचलला आणि राखाडी कडं रंगवायला घेतलं. आता हात स्थिर होता. मग तिने लाल रेशमाचे केसाहूनही बारीक धागे सोडवले आणि पांढऱ्या भागावर एकेक करून चिकटवले. आईच्या डाव्या डोळ्यात शिरा जशा फुटल्या होत्या, तशाच.

पुढच्या आठवड्यात डोळा तयार झाला. भाजून, घासून, चकचकीत. तिने पापणी हलकेच उचलून तो आत सरकवला, आईला दोन-तीनदा उघडझाप करायला लावली आणि आरसा दिला. आईने आरसा जवळ धरला, लांब धरला.

"नवा डोळा आणि म्हातारा का केलास गं?"

"दुसऱ्याशी जुळायला नको?"

"थोडा तरुण केला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मग दुसराही काढावा लागला असता."

आई आरशाकडे बघून हसली. ती हसली तेव्हा दोन्ही डोळे एकदम बारीक झाले. लेक तेवढंच बघत होती. काम जमलंय की नाही ते त्यावरूनच कळतं.

आई उठली, साडी नीट केली आणि बाहेर गेली. बाहेरच्या बाकावर दुसरीतिसरीतली असेल अशी एक मुलगी बसली होती. एका डोळ्यावर कापसाची पट्टी, हातात बापाच्या शर्टाची बाही घट्ट धरलेली. आत जायचं नाही म्हणून ती हटून बसली होती आणि बाप समजावून थकला होता. आई तिच्या शेजारी टेकली.

"यातला एक डोळा माझ्या मुलीने केलाय," ती म्हणाली. "कुठला ते सांग बघू."

मुलीने आधी मान फिरवली. मग हळूच वळून बघितलं. बाही सोडून ती बाकावर गुडघ्यांवर उभी राहिली आणि नाकाला नाक लागेल इतकी जवळ गेली. उजवा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा. बऱ्याच वेळाने तिने बोट केलं. डाव्याकडे.

"नक्की?" आईने विचारलं.

मुलगी गोंधळली. "थांबा, परत बघते."

"बघ की. मला घाई नाही."

पुढचं नाव पुकारायला डोळेबाई दारात आल्या होत्या, पण त्या तिथेच थांबल्या. आईने तोंड उजेडाकडे वळवलं, हात मांडीवर ठेवले, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मुलीचं बघून होईपर्यंत बसून राहिली.